मिठाईच्या झाकणातले आठ व्हॉल्व्ह

॥ श्री ॥

कशेळे,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. विकास यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे तीन फोन येऊन गेले असं ह्यांनी सांगितलं. मी घेतले नाहीत आणि घेणारही नाही. यंदा चातुर्मासाचा नेम म्हणून मी मोबाईल सोडला आहे. मागल्या वर्षी वांगी सोडली होती, पण वांग्यांवाचून माझं काही अडलं नाही, त्यामुळे देवालाही त्याचं फारसं वाटलं नसावं. तेव्हा कार्तिकी एकादशीपर्यंत तुला जे सांगायचं ते पत्राने सांग. सोबत राखी आहे. रेशमाची असली तरी धुऊन पुढच्या वर्षी वापरू नकोस, पुढच्या वर्षी नवी पाठवीन.

जीपचं तुला अर्धं माहीत आहे. जूनमध्ये वाडीच्या चढावर इंजिन जाम झालं ते झालंच. मिस्त्रीने उघडून पाहिलं आणि हात पुसले. मग ह्यांनी पनवेलकडच्या एका भंगारवाल्याकडून त्याच जातीच्या गाडीचं जुनं इंजिन पावतीसकट आणलं. त्या गाडीला मागून कोणीतरी ठोकलं होतं, म्हणून पुढचं इंजिन शाबूत राहिलं. आता ते आमच्या पडवीत आहे. गॅरेजात न देता हे ते घरीच उघडून, साफ करून बसवणार आहेत. आंब्याच्या फांदीला चेनपुली बांधून ठेवली आहे. यंदा त्या फांदीवर झोका नाही.

नीलेशचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, बाबांचं वय अठ्ठावन्न झालं, जीप भंगारात द्या आणि दोघं शेलूला आमच्याकडे या. त्यांच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर बसायचं काम त्याने ह्यांच्यासाठी बोलूनही ठेवलं आहे, टोपीसकट. हे म्हणाले, घटस्थापनेपर्यंत गाडी चालू झाली नाही तर येतो. नीलेश म्हणाला, मग त्या दिवशी मी टेंपो आणि भंगारवाला घेऊनच येतो. दोघंही हसत बोलले, पण मी दोघांनाही ओळखते. सत्तावीस वर्षं ह्यांनी कशेळे ते कर्जत आणि कशेळे ते वाड्या असा रस्ता केला. टोपी घालून खुर्चीवर बसलेले हे काही माझ्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

शेलू वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मे महिन्यात नीलेश-हर्षलाकडे आठ दिवस राहून आले. सूनबाईच्या नळाला चोवीस तास पाणी, आणि नात सकाळी उठून थेट माझ्या अंथरुणात. आल्यावर पंधरा दिवस मी तेच सांगत होते असं हे म्हणतात. असेन.

तर सध्या हे दिवसभर दुसऱ्याच्या टेंपोवर बदली ड्रायव्हर म्हणून जातात आणि संध्याकाळी इंजिन खोलतात. धुण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. पहिल्या दिवशी मी गरम पाणी आणि साबणाने असं लखलखीत धुतलं की ह्यांना त्यात तोंड दिसलं असतं. सकाळी उठून बघते तर सगळं तांबूस, गंजलेलं. ही हवाच अशी, पापडसुद्धा तासभर बाहेर राहात नाही. हे म्हणाले, वरून तेल लावायचं असतं. मग मी परत घासून तळणीचं उरलेलं तेल लावलं. टाकून काय द्यायचं. आता इंजिनाला कुरडयांचा वास येतो, पण गंज नाही. हे बरोबर आहे का ते तू सांग. तू कारखान्यात इतकी वर्षं फिटर आहेस, तुला यातलं कळतं. ह्यांना विचारलं तर हे नुसते हसतात.

छायाची कंबर कशी आहे ते लिही. आहे तेवढी माया राहू दे, वाढली तरी ठेवायला जागा आहे.

तुझी,
ललिताताई


खालापूर,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

ती. ताईस विकासचा सा. न. वि. वि.

राखी पोचली. छायाची कंबर बरी आहे, ती म्हणते की ताईंनी स्वतः मोबाईल सोडण्यापेक्षा मला सोडायला सांगावं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

इंजिनाला तळणीचं तेल लावू नकोस. ते काही दिवसांनी चिकट होऊन डिंकासारखं बसतं आणि मग खरवडावं लागतं. लावलं असशील तेवढं डिझेलने धुऊन काढ. पाण्याचं नाव काढायचं नाही. पसरट पातेल्यात डिझेल घ्यायचं, त्यात भाग भिजत ठेवायचा, मग ब्रशने घासायचं. वापरलेलं डिझेल ओतून देऊ नकोस हे तुला सांगायची गरज नाही. दिवसभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं फडक्यातून गाळून परत वापरता येतं. धुऊन झाल्यावर कोरडं पुसून इंजिन ऑइलचं बोट फिरव आणि जुन्या साडीत गुंडाळून ठेव.

तेल वाहायच्या बारीक वाटा असतात त्यांत तारेला चिंधी बांधून आरपार फिरव, आणि शेवटी सायकलच्या पंपाने हवा मार. आतली काजळी खरवडताना सुरी नको, चरे पडतात. लाकडी उलथन्याची धार चालेल. जुनं उलथनं घे, नाहीतर दाजींना त्याच उलथन्याने पोहे मिळतील.

नट-बोल्ट मोजून ठेव. ते तुझ्या हातचं काम आहे.

दाजींना नमस्कार. तुझा जीव आहे तोवर माझं बरं चाललंय, तेव्हा जप.

तुझा,
विकास


॥ श्री ॥

कशेळे,
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

चि. विकास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी देवघरात ठेवलं आहे आणि त्याबरहुकूम चाललं आहे. डिझेल तीन वेळा गाळून वापरलं. चौथ्यांदा गाळत होते तेव्हा ह्यांनी ते हातातून काढून घेतलं. नट-बोल्ट वहीत उतरवले आहेत, कुठल्या डब्यात किती आणि कुठल्या भागाचे. काल एकादशी होती म्हणून काम बंद ठेवलं होतं, आज परत सुरू.

एक काम मात्र असं झालं की ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. सोमवारी हे पॅकिंगचा संच आणायला कल्याणला गेले होते. इंजिनाच्या वरच्या भागातले, ज्याला तुम्ही हेड म्हणता त्यातले, आठ व्हॉल्व्ह ह्यांनी आदल्या संध्याकाळी काढून ठेवले होते. लांब दांड्याच्या छत्र्यांसारखे दिसतात. कशात ठेवावेत तर मिठाईच्या खोक्याच्या झाकणात. त्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून एकेक व्हॉल्व्ह त्यात खोचलेला, पुठ्ठा तेलाने काळा आणि वर पेनाने काहीतरी गिचमिड. देवापुढचं तूप ज्या घरात गाळून ठेवतात तिथे असा पुठ्ठा रात्रभर पडवीत. मी आठही व्हॉल्व्ह काढले. आदल्या रात्री भिजवायचं राहिलं होतं म्हणून सकाळपासून उन्हं कलेपर्यंत घासले. वर कोळसा बसला होता तो लाकडाने खरवडला आणि तारेच्या घासणीने हलक्या हाताने पुसला. असे निघाले की देवाची उपकरणी शेजारी मांडली तर कळणार नाही. मग तेलाचं बोट फिरवून, आमच्या लग्नातल्या पातळाच्या तुकड्यात एकेक गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले. चार मोठे एका बाजूला, चार लहान एका बाजूला. पुठ्ठा तेलकट होता, वाया कशाला घालवायचा, आंघोळीच्या बंबात घातला. पाणी लगेच तापलं.

हे संध्याकाळी आले. डबा दाखवला. ह्यांनी उघडून पाहिलं, एक व्हॉल्व्ह उचलून परत ठेवला, मग पुठ्ठा कुठे आहे विचारलं. बंबात घातला म्हटल्यावर बंबाकडे बघितलं. मग झाकण लावलं आणि चहा मागितला. कौतुकाचा एक शब्द नाही. मी काही शाबासकीसाठी करत नाही, पण विकास, अख्खा दिवस गेला होता. त्या दिवसापासून हे जरा गप्पच आहेत. संध्याकाळी पडवीत बसतात पण पाना हातात घेत नाहीत. मला वाटतं दमले असावेत. तू एखादं पत्र टाक ह्यांना, तुझं ऐकतात.

गणपतीला येणं जमणार नाही हे कळलं. मोदक मात्र तुझ्या नावाने दोन जास्त करीन आणि ह्यांना देईन. मायेत खंड नको.

तुझी,
ललिताताई


कशेळे नाका,
गुरुवार, २१ ऑगस्ट

श्री. विकासराव यांस रोहिदासचा रामराम.

टेंपोत माल चढतोय तोवर लिहितो. फोन केला असता, पण तुमचा उलटा फोन मी घरी असताना येईल, आणि आमचं घर तुमाला माहीत हाय, पडवीत बोललेलं चुलीपर्यंत जातं. तुमची ताई फोन घेत नाय पण ऐकते.

हिने व्हॉल्व्हचा पुठ्ठा जाळला. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या घरातला त्याचे नंबर त्यावर होते. आता चार मोठे सारखे दिसतात आणि चार लहान सारखे दिसतात. तुमाला सांगायला नको की दहा-बारा वर्षं जो व्हॉल्व्ह ज्या घरात घासून बसला तो तिथेच नीट बसतो. दुसऱ्या घरात घातला तर फट राहते, दाब धरत नाय, आणि डिझेल गाडीने दाब धरला नाय तर ती चालू होत नाय.

त्याचं व्हायचं ते होईल. माझं लिहिणं त्यासाठी नाय. मला असं वाटतं की हिने तो मुद्दाम जाळला. ही बाई साखरेची रिकामी पिशवी टाकत नाय, पिठाच्या पिशवीचा दोरा गुंडाळून ठेवते. ती आठ भोकं पाडलेला, वर नंबर लिहिलेला पुठ्ठा न विचारता बंबात घालते, हे मला पटत नाय. मे महिन्यात शेलूवरून आली तेव्हापासून नळाचं, नातीचं चाललं होतं. तोंडाने मला सांगणार नाय, सत्तावीस वर्षांत तिने कधी काही मागितलं नाय. गाडी चालू झाली नाय तर आपोआप शेलूला जायचं होईल, असं तिच्या मनात असेल तर मी आडवा येणार नाय. इंजिन परत भंगारवाल्याला देईन, नीलेशला आजच कळवीन. टोपी काय, डोक्यावर ठेवली की ठेवली.

तुमी भाऊ, तुमाला खरं सांगेल. सांभाळून विचारा. मी लिहिलं हे तिला कळू देऊ नका.

छायाताईंना नमस्कार. घरच्यासारखे आहात तसेच राहा.

रोहिदास


खालापूर,
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

ती. दाजींस विकासचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि ताईचं पत्र एकाच दिवशी आलं. पोस्टमनने दोन्ही एकत्र हातात दिली, त्या गडबडीत ताईचं पत्र चुकून या पाकिटात गेलं आहे. वाचून झालं की परत पाठवा.

मी ताईला काही विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. ज्या बाईने मुद्दाम केलं असतं तिने शाबासकी मागितली नसती, आणि लग्नातलं पातळ फाडलं नसतं. ते पातळ आम्हाला कोणाला हात लावू देत नाही ती. नट-बोल्ट मोजून ठेव असं मीच तिला लिहिलं, पण व्हॉल्व्हचा क्रम हलवू नकोस हे लिहायला विसरलो. फिटर माणसाला ते सांगावं लागतं असं वाटतच नाही. म्हणजे चूक निम्मी माझी धरा.

शेलूला जावंसं तिला वाटतं की नाही ते मला माहीत नाही. पुठ्ठ्यावरून ते कळणार नाही. ते तुम्ही तिलाच विचारा.

इंजिन परत देऊ नका. सोबत पार्सलमध्ये व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणि रबरी टोपीची काठी पाठवतो आहे. व्हॉल्व्ह कुठल्याही घरात घाला, मोठा मोठ्यात, लहान लहानात. मग प्रत्येकाला पेस्ट लावून त्याच्या नव्या घरात काठीने हाताने घासायचा, सगळीकडे सारखं राखाडी कडं उमटेपर्यंत. जुनं घर गेलं तरी नवीन घर बसवता येतं, वेळ लागतो एवढंच. पेस्ट म्हणजे रेतीच असते, तिचा कण आत राहिला तर सिलिंडर खाऊन टाकील. ती धुऊन काढायच्या बाबतीत मी ताईशिवाय कोणावर भरवसा ठेवणार नाही.

तुमची कृपा आमच्यावर जुनी आहे, तशीच चालू द्या.

विकास


॥ श्री ॥

कशेळे,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. विकास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझं पत्र चुकून दुसऱ्या पाकिटात गेलं असं तू ह्यांना लिहिलंस. तू सातवीत असताना माझी वहीसुद्धा अशीच चुकून गुरुजींकडे गेली होती. त्याबद्दल कार्तिकीनंतर फोनवर बोलेन.

झालं असं. गणपती यंदा सात दिवसांचे, गौरीबरोबर विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत आले तर हे मी घासलेला व्हॉल्व्ह घेऊन त्याला काळा चिखल लावत बसले होते. मला राग आला. मी म्हटलं, आठ-आठ तास घासून ठेवलेलं परत बरबटवायचं तर मला कशाला कामाला लावलंत. ह्यांनी खिशातून माझंच पत्र काढून माझ्या हातात दिलं. मग पुठ्ठ्याचं सगळं सांगितलं, हळूहळू, टेंपो मागे घेतात तसं. त्या गिचमिडीत नंबर होते हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मी जेवले नाही. हे म्हणाले, आता उपास कशाला, नेम आधीच चालू आहे ना. ते तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढे म्हणाले की त्यांना वाटलं होतं, मी तो मुद्दाम जाळला. शेलूला जायचं म्हणून.

मग ह्यांनी सरळ विचारलं, तुला जायचंय का. सत्तावीस वर्षांत भाजी कोणती करू हे मी ह्यांना विचारलं, ह्यांनी मला असं काही विचारल्याचं आठवत नाही. माझ्या मनात शेलू नव्हतंच असं म्हटलं तर चातुर्मासात खोटं बोलल्यासारखं होईल. आणि बंद गाडीशेजारी उभं राहून जायचंय म्हटलं तर हे खचतील, राहायचंय म्हटलं तर ह्यांना वाटेल मी कीव केली. म्हणून मी सांगितलं की उत्तर गाडी चालू झाल्यावर देईन. हे म्हणाले, आणि नाही झाली तर. मी म्हटलं, तर उत्तराचा उपयोगच नाही, टेंपो दारात असेल.

तेव्हापासून व्हॉल्व्ह घासायचं काम मी घेतलं आहे. पाप माझं, प्रायश्चित्त माझं. काठी दोन तळव्यांत धरून ताक घुसळतात तशी फिरवायची, थोडं उलट, थोडं सुलट, मध्ये उचलून परत टेकवायची. सुरुवातीला दगडावर रवा दळल्यासारखा आवाज येतो, मग मऊ होत जातो. मऊ झाला की पुसून कडं बघायचं. रोज स्वयंपाक झाल्यावर तासभर, एका व्हॉल्व्हला एक दिवस. मुखाने रामरक्षा, तिचे पाच पाठ झाले की पेस्ट नवी. रविवारी ग्रहण होतं, काम बंद, पण पेस्टच्या डबीवर तुळशीचं पान ठेवून दिलं होतं. हे बघून गेले आणि काठी पुसून डबीशेजारी ठेवली.

पाच झाले आहेत. तीन राहिले. पितृपक्ष लागला आहे, तेव्हा घासणं चालेल, पण इंजिन काही मी या पंधरवड्यात चालू करू देणार नाही. म्हणजे एकदम घटस्थापनेच्या सकाळीच. करून बघायला आधी एकही दिवस नाही. हे म्हणाले, तुझ्या देवाने वेळापत्रक बरं लावलंय. घासलेलं बरोबर आहे की नाही हे आधी कळायचा काही उपाय असेल तर उलटटपाली लिही.

माया कमी करू नकोस, रागावले आहे तरी.

ताई


खालापूर,
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

उपाय आहे. व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसवून झाले की हेड आडवं ठेवायचं आणि वरच्या भोकांत डिझेल ओतायचं. दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हच्या कडेला बघायचं. अर्ध्या तासात कडेला ओल आली नाही तर घर बसलं. ओल आली तर त्या व्हॉल्व्हला परत काठी.

एखादा पाझरला तर रडत बसू नकोस, कारखान्यातसुद्धा पाझरतात. पण आठही कोरडे असल्याशिवाय दाजींना हेड बसवू देऊ नकोस, घाई झाली म्हणून तर नाहीच. आणि बसवायच्या आधी प्रत्येक भाग डिझेलने तीनदा धुऊन पांढऱ्या कापडाने पूस. कापड पांढरंच राहिलं पाहिजे.

मी रविवारी येऊ का असं दाजींना फोनवर विचारलं. ते म्हणाले, नको, इथे एक फिटर आहे.

तुझ्या रागासकट लोभ असू दे.

विकास


॥ श्री ॥

कशेळे,
मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५

चि. विकास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल घट बसले. सगळं क्रमाने लिहिते.

तुझ्या उपायाप्रमाणे केलं तेव्हा सात कोरडे निघाले, एक लहान पाझरला. त्याला आणखी दोन दिवस घासला. परत पाझरला. परत घासला. शुक्रवारी अर्धा तास झाला, एक तास झाला, ओल नाही. मग मी ह्यांना बसवायला दिलं. पांढऱ्या कापडासाठी ह्यांचा नवा बनियन घेतला. शनिवार-रविवारी फांदीवरच्या पुलीने इंजिन गाडीत उतरवलं. शेजारचे चौघं दोर धरायला आले होते. सर्वपित्रीचं पान आधी वाढून घेतलं, मग बोल्ट आवळायला परवानगी दिली. शेवटी वही उघडून बघितली तर एकही नट-बोल्ट उरला नव्हता, आणि कमीही पडला नव्हता.

काल सकाळी मातीत धान्य पेरून घट मांडला, आरती झाली. साडेनऊला नीलेश टेंपो घेऊन हजर, बरोबर साईनाथ म्हणून भंगारवाला. हा साईनाथ उतरल्या उतरल्या टायर दाबून बघायला लागला. हर्षलाने फुलं आणि नातीने काढलेलं गाडीचं चित्र पाठवलं होतं. चित्रात गाडीला पाच चाकं होती, नीलेश म्हणाला एक स्टेपनी आहे.

वाडीवरची ठकी काकड्यांची पाटी घेऊन पायरीवर येऊन बसली होती. जीप बंद झाल्यापासून ही बाई ती पाटी डोक्यावर घेऊन दीड तास चालत नाक्यावर येते.

मी नारळ फोडला. ह्यांनी किल्ली फिरवली. नुसती घरघर. दुसऱ्यांदा फिरवली, घरघर आणि पांढरा धूर. नीलेश म्हणाला, बाबा राहू द्या, बॅटरी उतरेल. तो वाईट बोलला नाही, जपून बोलला, आणि तेच मला जास्त लागलं. ठकी त्याला म्हणाली की तुजा बा आमाला पावसात आणतो तवा कोन घड्याल बघत नाय, तू बी गप बस रं. साईनाथने टायरवरचा हात काढला.

हे उतरले. बॉनेटमध्ये वाकून डिझेलच्या नळीचा नट सैल केला. तिथून बुडबुडे आले, बराच वेळ येत राहिले, मग नुसतं डिझेल आलं. नट आवळला. आत हवा अडकली होती म्हणे. आत बसले, माझ्याकडे एकदा बघितलं, किल्ली फिरवली. एक-दोन ठोके चुकले, आणि मग चारही सिलिंडर एका चालीने बोलायला लागले. पडवीतली भांडी थरथरली. पाच मिनिटांनी धूर निवळला. नीलेश गाडीखाली वाकून तेल गळतं का बघून आला, नाही म्हणाला, आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने चहा ओतून घेतला. साईनाथने जुन्या इंजिनाचं विचारलं. टेंपो रिकामा जाणार म्हणून हळहळत होता. ते त्याला दिलं.

ह्यांनी इंजिन बंद केलं नाही. चालू गाडीतूनच मला विचारलं, आता सांग. त्या आवाजात मला ओरडून उत्तर द्यावं लागलं, त्यामुळे ते सगळ्यांनीच ऐकलं. मी म्हटलं, मला शेलूला जायचंय. हे किल्लीकडे बघायला लागले. मी म्हटलं, महिन्यातून चार दिवस, नातीकडे. एकटी. तुम्ही मला सोडायला यायचं आणि आणायला यायचं. बाकी सव्वीस दिवस मी इथे, आणि तुम्ही तुमच्या रस्त्यावर. टोपी नीलेशने दुसऱ्या कोणाला तरी द्यावी.

आणि जाताना मी पुढे बसणार.

ह्यांनी कान पुढे केला. मी परत सांगितलं. ही गाडी आल्यापासून मी तिच्यात मागच्या आडव्या बाकावर बसले आहे, कारण पुढची सीट गिऱ्हाइकाची. माहेरी आले तेव्हा मागे, नीलेशला घेऊन दवाखान्यातून आले तेव्हाही मागे. हे म्हणाले, पुढे तीन बसतात. मी म्हटलं, मग एक कमी बसेल. ठकी म्हणाली, बाईला पुढं घे, आमी मागं बसतो. ह्यांनी उतरून पुढची सीट पुसली. पुसली ती माझ्या लग्नातल्या पातळाच्या तुकड्याने, तो मी नंतर धुऊन ठेवला.

कर्जत स्टेशनपर्यंत गेलो. ठकी आणि तिची पाटी मागे. ह्यांनी वाटेत एकाही गिऱ्हाइकासाठी गाडी थांबवली नाही, ठकी मागून ओरडत होती की लोकं हात करत्यात. विकास, मागच्या बाकावरून मला नेहमी समोरच्या माणसाचे गुडघेच दिसायचे. पुढून रस्ता दिसतो. चढ येणार असतो तो आधी कळतो. काल एका चढाशी ह्यांनी गिअर बदलायच्या आधीच मी पुढची दांडी धरली, आणि ह्यांनी मान न वळवता विचारलं की तुला कसं कळलं.

आता हे सकाळी सहालाच रस्त्यावर गेले आहेत. छायाला घेऊन दिवाळीला ये, नाक्यावर न्यायला गाडी येईल. तुमच्या दोघांची सोय मागच्या बाकावर केली आहे. माया असू दे, जवळची आहे तशीच.

तुझी,
ललिताताई